नकाशावर नसलेला भ्रंश

हैदराबादला भूकंपाचे भय नाही, असे तिथल्या चिक्कडपल्ली भागात कुणीही ठामपणे सांगेल, आणि कारणही तयार असते: आपल्या पायाखाली ग्रॅनाइट आहे. हे कारण पोकळ नाही. शहराखालचा कातळ सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या कवचातल्या अतिजुन्या तुकड्यांपैकी एकाचा तो भाग. १५९१ साली वसलेल्या या शहराच्या लिखित इतिहासात विध्वंसक भूकंपाची नोंद नाही. भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीतही हैदराबाद सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात येते. तरीही या निर्धास्तपणात एक खोट आहे. जवळजवळ हे सारे २९ सप्टेंबर १९९३पर्यंत किल्लारीबद्दलही म्हणता येत होते. त्याच मानकाच्या १९८४च्या आवृत्तीत हैदराबाद आणि किल्लारी दोन्ही पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत सुरक्षित विभागात होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, औसा-उमरगा भागातली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि आठ ते दहा हजार माणसे दगावली. किल्लारी चिक्कडपल्लीपासून सरळ रेषेत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. १९४८पर्यंत ही दोन्ही ठिकाणे एकाच निजामी राज्यात होती, आणि हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांचे मूळ गाव त्याच बाजूला आहे. म्हणून या प्रकरणात हैदराबादच्या धोक्याचा विचार किल्लारीच्या बाजूने करायचा आहे. माझे म्हणणे असे, की दख्खनच्या पठारावरची शांतता हा सुरक्षिततेचा फार कच्चा पुरावा आहे. इथे ओळखीच्या भ्रंशांइतकाच, किंबहुना अधिक, अनोळखी भ्रंशांचा हिशेब धरावा लागतो. आणि तो धरला की प्रश्न जमिनीकडून इमारतीकडे वळतो.

आधी भ्रंश म्हणजे काय आणि तो भूकंप कसा घडवतो ते पाहू. खडकात भेगा सगळीकडे असतात. ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या आहेत तिला भ्रंश म्हणतात. या बाजू सहजासहजी सरकत नाहीत, कारण वरच्या खडकाच्या वजनाने त्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. जड लाकडी कपाट ढकलताना बराच वेळ ते हलत नाही आणि मग एकदम हातभर पुढे जाते, तसेच इथे होते. फरक एवढाच, की अडून राहण्याच्या काळात खडक स्वतः वाकत असतो आणि लावलेली शक्ती त्या वाकण्यात साठत जाते. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड यांनी कुंपणांचे आणि रस्त्यांचे सरकणे मोजून हा सिद्धांत मांडला, आणि आजही भूकंपशास्त्र त्यावरच उभे आहे. भूकंपाचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: भ्रंशाचा किती मोठा पृष्ठभाग सरकला आणि तो किती अंतर सरकला. किल्लारीसारख्या भूकंपाला साधारण शंभर चौरस किलोमीटर पृष्ठभाग आणि अर्धा-पाऊण मीटर सरकणे पुरते. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, आणि तसे भूकंप साधारण दहापट विरळ होतात. हा दुसरा नियम लक्षात ठेवावा. धोक्याचे सगळे गणित पुढे त्यावर चालते.

आता भ्रंश जिवंत आहे की नाही हे कसे ठरवतात? या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या पद्धती भूपट्टांच्या सीमेवर तयार झाल्या. कॅलिफोर्नियात किंवा तुर्कस्तानात भ्रंशाला आडवा चर खणतात, त्याच्या भिंतीत तुटलेले मातीचे थर पाहतात, थरांतल्या कोळशाचे वय काढतात आणि मागचे भूकंप कधी झाले ते मांडतात. उपग्रहांच्या मदतीने दोन्ही बाजूंच्या खुणा वर्षाला किती मिलिमीटर सरकतात तेही मोजतात. तिथे वेग वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर असतो, त्यामुळे शतकात दोन-तीन मीटरचे देणे साठते. तरीसुद्धा वेळ सांगता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला साधारण दर २२ वर्षांनी सहाच्या आसपासचा भूकंप होत आला होता. १९६६नंतरचा १९९३च्या आत होणार असा अंदाज वर्तवून शास्त्रज्ञ उपकरणे लावून बसले, आणि तो आला २८ सप्टेंबर २००४ रोजी. जिथे भ्रंश उघडा आहे, वेग ठाऊक आहे, इतिहास ठाऊक आहे, तिथली ही गत.

दख्खनमध्ये यातले काहीच हाताशी नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे जातो, पण तो बहुतांशी अखंड जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत, म्हणजे एनजीआरआयमध्ये, उपग्रहांकडून स्थान मोजणारे कायमचे केंद्र आहे. तसेच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. दोन्ही ठिकाणे मिळून सरकतात, आणि त्यांच्यातले अंतर बदलत असेल तर ते मोजमापाच्या चुकीत हरवण्याइतके थोडे. अशा ठिकाणी एखाद्या भ्रंशावर मीटरभराचे देणे साठायला हजारो, कदाचित दहा-दहा हजार वर्षे लागतात. तेवढ्या काळात पाऊस आणि नद्या जमिनीवरची जुनी खूण धुऊन टाकतात. मराठवाड्यात तर जुन्या कातळावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा जाड थर पसरलेला आहे. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत सरकला तो जिवंत, ही जगभर चालणारी व्याख्या इथे लावली, तर ज्याचा पुरावा पुसला गेला तो भ्रंश मेलेला ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या जुन्या खडकांत, टेनंट क्रीकजवळ, २२ जानेवारी १९८८ रोजी एकाच दिवसात सहावरचे तीन भूकंप झाले आणि जमिनीवर तीस किलोमीटरहून लांब तड उमटली. तिथेही आधी कुणी बोट दाखवून ठेवले नव्हते.

किल्लारीत काय सापडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. भूकंपानंतर गावाजवळच्या शेतांत सुमारे एक किलोमीटरभर जमीन तुटून वर आली होती. उंचवटा कुठे काही सेंटिमीटरांचा, कुठे गुडघ्याएवढा. दक्षिणेकडचा खडक उत्तरेकडच्या खडकावर दाबून चढला होता, म्हणजे भूपट्टाला हिमालयाच्या बाजूने जो रेटा बसतो त्याच्याशी हे जुळणारे होते. एनजीआरआयने तिथे ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतले. वर ३३८ मीटर बेसाल्ट लागला, खाली आठेक मीटरचा गाळाचा थर, आणि मग प्राचीन स्फटिकी कातळ. हैदराबादेत जो उघडा दिसतो त्याचाच भाऊबंद. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना छिद्रे घेतली तेव्हा लाव्हाच्या एकाच थराच्या सीमा काही मीटर वरखाली सरकलेल्या आढळल्या. एका किल्लारीने हे होत नाही. म्हणजे तो भ्रंश ३० सप्टेंबरला जन्मला नव्हता; त्याच्यावर आधीही अनेक भूकंप होऊन गेले होते, फक्त ते पाहायला आणि लिहून ठेवायला कुणी नव्हते. किल्लारीच्याच बाजूने वाहणाऱ्या तेरणा नदीच्या काठी तेर आहे, सातवाहनकाळातले तगर. तिथल्या नदीकाठच्या थरांत भूशास्त्रज्ञ सी. पी. राजेंद्रन यांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा मिळाल्या. मला हा पुरावा फार महत्त्वाचा वाटतो. ज्या प्रदेशाला आपण भूकंपमुक्त म्हणत होतो, त्यात एका खोऱ्याच्या टापूत दीड-दोन हजार वर्षांत दोनदा जमीन हादरली असावी, आणि मधल्या काळातल्या साठ-सत्तर पिढ्यांना त्याची आठवण उरली नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो किल्लारीच्या लोकांच्या दुःखातून आलेला असल्यामुळे नीट उत्तर मागतो. १९९२च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात छोट्या धक्क्यांची मालिका झाली होती. लोक घाबरून घराबाहेर झोपले होते, तक्रारी केल्या होत्या. मग वर्षभर आधी जमीन बोलत असताना शास्त्रज्ञांना कळले कसे नाही? अडचण अशी, की अशा मालिका पठारावर वरचेवर होतात आणि त्यातल्या बहुतेक काही न करता विरून जातात. हैदराबादच्या बोराबंडा भागात ऑक्टोबर २०२०मध्ये जमिनीतून गडगडाट ऐकू येत होता. मुसळधार पावसाचे पाणी ग्रॅनाइटच्या फटींत उतरल्याने हे अगदी बारीक धक्के बसतात असे एनजीआरआयने उपकरणे लावून सांगितले, आणि पुढे काही झाले नाही. किल्लारीची मालिका आणि बोराबंडाची मालिका सुरू असताना वेगळी ओळखता येईल अशी खूण आजच्या शास्त्राजवळ नाही. १९९२ साली गावे उठवली असती, तर ती किती दिवसांसाठी उठवायची? मोठा धक्का आला तो सुमारे अकरा महिन्यांनी. त्या मालिकेवरून एकच गोष्ट रास्तपणे करता आली असती: तिथली घरे मजबूत करणे. ती झाली नाही.

बोराबंडाच्या आवाजाने घाबरू नये हे खरे, पण त्यातून खालच्या खडकाबद्दल काही कळते. थोडेसे पाणी मुरले आणि खडक सरकला, याचा अर्थ तो सरकण्याच्या बेतात होता. याचे मोठे उदाहरण कोयना. १९६२मध्ये धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याआधी तोही भाग स्थिर ढालीचा, म्हणजे जुन्या घट्ट कवचाचा, म्हणून गणला जात होता. शंभर मीटर पाण्याच्या उंचीचा दाब आपल्याला प्रचंड वाटतो, पण पाच किलोमीटर खोलीवर खडकाचे जे वजन असते त्याच्या शेजारी तो एका टक्क्याच्या आसपासच भरतो. एवढ्याशा भराने भ्रंश सुटतो याचे कारण भराच्या आकारात नाही. कवच आधीच मर्यादेजवळ ताणलेले आहे. कराडच्या भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले ते याच ताणाची स्थिती थेट मोजण्यासाठी. तेव्हा ‘खाली कातळ आहे’ या वाक्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही. जुना कठीण कातळ सहसा सरकत नाही, पण ताण मात्र धरून ठेवतो. आणि त्यातून निघालेल्या लाटा मऊ खडकातल्यापेक्षा कमी विझत दूरवर जातात. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी मुलुगू इथे ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तो हैदराबादेत जाणवला आणि गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंतही.

मग शास्त्रज्ञ धोका मोजतात कसा? १९६८मध्ये अॅलिन कॉर्नेल यांनी मांडलेली संभाव्यतेची पद्धत आज जगभर वापरतात. एखाद्या ठिकाणाभोवती भूकंप कुठून येऊ शकतात ते सर्व स्रोत मांडायचे. प्रत्येक स्रोतावर कोणत्या तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी किती होतात ते ठरवायचे. तो हादरा इथे पोचेपर्यंत किती उरेल ते काढायचे. आणि सगळी बेरीज करून विचारायचे, की पन्नास वर्षांत अमुक जोराचा हादरा ओलांडला जाण्याची शक्यता किती. पन्नास वर्षांत दहा टक्के, म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा, हा नेहमीचा मापदंड. गोदावरी खोऱ्यासारखा ओळखीचा पट्टा, जिथे १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमचा भूकंप झाला, तो नकाशावर स्रोत म्हणून आखता येतो. किल्लारी आखता आली नसती. म्हणून अशा प्रदेशात कुठलाही भ्रंश न आखता, सारा टापू सारख्याच शक्यतेने भूकंप देऊ शकतो असे धरतात. अनोळखी भ्रंशाला हिशेबात घेण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि त्याचे ढोबळ गणित कुणालाही कागदावर करता येते. कोइमतूर १९००, सातपुडा १९३८, कोयना १९६७, किल्लारी १९९३: दक्षिणेच्या पठारावर गेल्या सव्वाशे वर्षांत सहाच्या आसपासचे किंवा वरचे असे चार मोठे भूकंप धरू. पठार सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरांचे. किल्लारीसारखा भूकंप साधारण पंचवीस किलोमीटर त्रिज्येत, म्हणजे दोन हजार चौरस किलोमीटरांत मोठी हानी करतो असे मानले, तर पठाराचे असे आठशे तुकडे होतात. पठारावर कुठेतरी दर तीसेक वर्षांनी एक, म्हणून चिक्कडपल्लीच्या तुकड्यावर सुमारे पंचवीस हजार वर्षांतून एक. इमारतीच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात पाचशेत एक.

पाचशेत एक म्हणजे काहीच नाही, असे म्हणणारा माणूस अविचारी नाही. त्याच्या बाजूने हैदराबादचे एकावर एक तोललेले ग्रॅनाइटचे गोटेही साक्ष देतात: जोराचा हादरा हजारो वर्षांत बसला असता तर ते कधीच गडगडले असते, आणि भूकंपशास्त्रज्ञ अन्यत्र असे गोटे पुरावा म्हणून खरोखर वापरतात. ही साक्ष मी मानतो. पण पंचवीस हजार वर्षांतून एकदा या हिशेबाशी ती जुळतेच. शून्यापर्यंत ती नेत नाही. शिवाय पाचशेत एक हा आकडा किल्लारीएवढ्या भूकंपाचा आहे. पाचच्या आसपासचे भूकंप दहापट वरचेवर होतात. ३० जून १९८३ रोजी मेडचलजवळ झालेला भूकंप त्याच्या जरा खालचा होता, आणि हिंगोलीला २०२४मध्ये मार्च व जुलैत ४.५चे दोन होऊन गेले. त्यांचा टापू लहान, जोर कमी, पण चांगल्या इमारतीला न कळणारा हादरा वाईट इमारतीला पाडू शकतो. आणि हा डाव एका घराचा नाही. कोटीभर लोकांच्या शहरावर पाचशेत एक आणि माळरानावर पाचशेत एक, यांना एकच किंमत देता येत नाही.

किल्लारीत माणसे भ्रंशाने मारली नाहीत, माळवदांनी मारली. दोन-दोन फूट जाड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, आतले आणि बाहेरचे तोंड वेगळे रचून मधे कपच्यांची भर, दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड नाही. त्यावर लाकडी छत आणि उन्हापासून गारवा मिळावा म्हणून वर्षानुवर्षे चढवलेली मातीची जाड भर. जमीन हलली, भिंतीची तोंडे सुटली आणि ते टनावारी वजन झोपलेल्या माणसांवर आले. चिक्कडपल्लीत माळवद नाही. नारायणगुड्यापासून आरटीसी क्रॉस रोडपर्यंतच्या गल्ल्यांत जुने वाडे जाऊन जी अपार्टमेंटे उभी राहिली, त्यांतल्या अनेकांत तळमजला गाड्यांसाठी मोकळा असतो: वर भिंतींनी भरलेले ताठर मजले, खाली नुसते कॉलम. हादरा बसला की वरचा सारा भाग एकसंध हलतो आणि सगळे वाकणे त्या कॉलमांच्या वाट्याला येते. २६ जानेवारी २००१च्या भूज भूकंपात केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरांवरच्या अहमदाबादेत अशाच इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे दगावली. मऊ गाळाची जमीन हादरा वाढवते, हेही तिथे दिसले. चिक्कडपल्लीचा बराचसा पाया मुरूम आणि कातळाचा, म्हणजे चांगला. पण हुसेनसागराचे जास्तीचे पाणी मुसी नदीकडे नेणारा नाला अशोकनगरच्या कडेने जातो, आणि अशा नाल्यांच्या काठी भराव घालून बांधलेल्या घरांना शेजारच्या कातळावरच्या घराचा दाखला लागू होत नाही.

‘मग मानक पाळले की झाले’ हा शेवटचा आक्षेप. मानकाची २०१६ची आवृत्ती नेमके काय मागते ते पाहावे. दुसऱ्या विभागात सर्वांत मोठा मानलेला हादरा गुरुत्वाच्या दहा टक्के धरतात, रचनेसाठी त्याच्या निम्मा घेतात, आणि इमारत तुटण्याआधी वाकून ऊर्जा जिरवील या भरवशावर तोही तीन ते पाच पटींनी कमी करतात. सारा भरवसा त्या वाकण्यावर. कॉलम वाकावा म्हणून सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ हव्यात, त्यांची टोके काटकोनात न सोडता १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात शिरवलेली हवीत. नाहीतर वरचे काँक्रीट उडताच रिंग उघडते आणि सळया फुगून बाहेर येतात. हा तपशील तिसऱ्या विभागापासून सक्तीचा आहे, दुसऱ्यात नाही. २००२मध्ये पहिला विभाग रद्द झाला तेव्हा किल्लारी तिसऱ्यात गेली, हैदराबाद दुसऱ्यात आले, आणि सवलत तशीच राहिली. नव्या बांधकामात या रिंगांना थोडे अधिक लोखंड आणि सेंटरिंगवर उभा राहून पाहणारा एक जागरूक इंजिनिअर एवढेच लागते. उभ्या इमारतींचे काम त्याहून अवघड, पण अशक्य नाही. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावे नव्याने वसवली गेली, आणि हजारो जुनी घरे आहेत तिथेच मजबूत करण्याचा कार्यक्रमही महाराष्ट्राने हाती घेतला. अपार्टमेंटच्या मोकळ्या तळमजल्यावर दोन्ही दिशांना, शक्यतो समोरासमोरच्या कडांना, नीट पाया घेऊन काँक्रीटच्या भिंती घातल्या की वाकण्याचा भार एकट्या कॉलमांवर राहत नाही. त्यासाठी रहिवाशांना वर्गणी काढावी लागते आणि गाड्यांच्या दोन-चार जागा सोडाव्या लागतात.